आमिष, पण खोटं

'आमिष' हा शब्द आपण नेहमी लोभाच्या संदर्भात वाचतो. आज तो शब्दशः घेऊ.

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात वॉलाय नावाचा मासा असतो. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा चकाकणारा थर असतो, म्हणून अंधूक उजेडातही तो आरामात शिकार करतो. ईरी सरोवरात ७० सेंटिमीटरच्या पुढचा वॉलाय म्हणजे गळ टाकणाऱ्यांचं स्वप्न. एवढा मोठा मासा बहुधा मादीच असते, तीही बरेच पावसाळे पाहिलेली.

गळाला गांडूळ लावलं तर वास आणि चव मदतीला येतात. प्लॅस्टिकच्या ल्यूरला नुसता आकार, हालचाल आणि पाण्यातली थरथर. तोंडात घेतला की तिला फसवणूक कळते आणि ती तो थुंकून टाकते. शिशाचं डोकं असलेल्या जिगवर हा चावा म्हणजे दोरीला हलकीशी टिचकी! लक्ष मोबाईलमध्ये असेल तर गेली.

बरेच जण ल्यूरचे रंगच बदलत बसतात. माझ्या मते आधी खोली आणि वेग बघावा. पाणी गार झालं की मासा मंदावतो. मग ल्यूरही रेंगाळतच ओढावा लागतो. हात मात्र घाई करतो. (डेडलाइनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांचं तर विचारूच नका.)

आणि मिळालीच तर? वसंतात अशा एका मादीच्या पोटात काही लाख अंडी असू शकतात. म्हणून कितीतरी जण ओल्या हातांनी तिला धरतात, पटकन माप घेतात आणि पाण्यात सोडून देतात.