औंढ्यात मेर्त्सेन चाखताना

1. बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका. दात शिवशिवतील इतकी गार बिअर प्यायची आपल्याला सवय. पण त्या गारठ्यात मेर्त्सेन या तांबूस जर्मन बिअरची चव कळतच नाही. सरत्या पावसात लोणावळ्याजवळच्या औंढ्याची संध्याकाळ मुळातच गार असते, बाटली खुशाल थोडा वेळ टेबलावर ठेवावी. भाच्याने म्युनिकजवळच्या आयिंग गावची बाटली आणली होती. ग्लासात रंग तांब्याचा, वर दाट फेस. फेस बसू लागला तसा खरपूस भाकरीच्या पापुद्र्यासारखा वास आला. घोट गोडसर लागतो. गिळल्यावर गोडी मागे राहत नाही.

2. हा रंग आणि वास मॉल्टचा. बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवतात; म्युनिक मॉल्टला आच जरा चढी, पण करपू द्यायचं नाही. म्युनिकचा गाब्रिएल झेडल्मायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आन्टोन ड्रेहर हे तंत्र शिकायला 1833 मध्ये ब्रिटनभर हिंडले. पोकळ काठीतून त्यांनी बिअरचे नमुने पळवले, असं सांगतात. 1841 मध्ये दोघांच्याही तांबूस लागर, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअर, आल्या. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेतल्या तंबूंत मात्र आज फिकट सोनेरी बिअर मिळते. माझा कौल तांबूसलाच.

3. घाई या बिअरला मानवत नाही. उन्हाळ्यात बिअर नासते म्हणून बव्हेरियात 1553 च्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर ती बनवायला बंदी घातली. मार्चमध्ये बनवलेली थंड तळघरांत मुरवून पुढे पुरवायची, तीच मेर्त्सेन. आपल्याकडे पुण्यात 2009 साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, ब्रूमास्टर जर्मन, ऑलिव्हर शाऊफ. तेव्हापासून ताज्या बिअरची गोडी इथे वाढली. तरी तांबूस लागर क्वचितच भेटते, कारण व्हीट बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते आणि लागर मुरेपर्यंत टाकी अडकून पडते.

4. सोबत लोणावळ्याचं भाजलेलं कणीस घ्या, तिखट बेताने. झणझणीत सुक्क्यापुढे मॉल्ट हरतो.

5. पिण्यात सौम्य वाटली तरी अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आसपास असतं. घाटात गाडी चालवणाऱ्याने ग्लासाला हात लावू नये. बाकीच्यांनी पुण्याच्या ब्रुअरीत गेल्यावर तांबूस लागर आहे का, असं आवर्जून विचारावं. मागणी दिसली तरच कुणी तिच्यासाठी टाकी अडवून ठेवेल.