गुंगीची गोळी आणि तिचा उतारा

दाढ काढायची म्हटले की अनेकांच्या अंगाला कापरे भरते. अशा प्रौढ रुग्णाला दंतवैद्य कधी डायझेपामसारखी गोळी देतात. या सौम्य गुंगीत माणूस जागा असतो, हाक मारली की नीट उत्तर देतो. पण एखाद्याला गुंगी जास्त चढते, श्वास मंदावतो. तेव्हा उतारा लागू शकतो. उतारा म्हणजे लिंबू-नारळ ओवाळणे नव्हे. ते आपण १९५६ सालीच सोडले. हा उतारा म्हणजे फ्लुमाझेनिल हे इंजेक्शन.

मात्र पहिले काम इंजेक्शनचे नाही. रुग्णाला हाक मारून जागे करणे, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करणे आणि प्राणवायू देणे हे आधी. मग डॉक्टर शिरेतून ०.२ मिलिग्रॅम औषध देतात. गरज पडल्यास मिनिटा-मिनिटाने पुन्हा, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत.

तीन गोष्टी आपण लक्षात ठेवू.

१) उताऱ्याचा असर साधारण तासाभरात ओसरतो, डायझेपाम त्याहून कितीतरी जास्त वेळ शरीरात राहते. म्हणून गुंगी पुन्हा चढू शकते. उतारा दिल्यावर निदान दोन तास देखरेखीखाली थांबावे. 'शुद्ध आली, चला घरी' असे करू नये.

२) रोज अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम घेणाऱ्यांना किंवा फिट्सच्या रुग्णांना या उताऱ्याने झटके येऊ शकतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आधीच दाखवाव्यात.

३) हा उतारा फक्त डायझेपामच्या वर्गातील औषधांवर चालतो. मॉर्फिनसारख्या औषधांसाठी नॅलॉक्सोन हा वेगळा उतारा आहे. दारूवर दोन्हींचा उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पाचवे शील मोडल्याचे चारचौघांत कळेल, या संकोचाने काही जण दारूची सवय डॉक्टरांपासून लपवतात. दारू आणि गुंगीची गोळी एकत्र आली तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. डॉक्टरांसमोर खरे बोलणे हीही सम्यक वाचाच आहे.

गोळी घेण्याआधी आपण विचारू या: 'डॉक्टर, प्राणवायू आणि उतारा दवाखान्यात आहे ना? तो द्यायला प्रशिक्षित माणूस आहे ना?' हे विचारणे उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे. सोबत घरचे कोणी न्यावे आणि २४ तास गाडी चालवू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!