ट्रॅक्टरच्या चाकांतील हवा : शेतात कमी, सडकेवर पुरेशी

काळ्या भारी जमिनीत नांगरट करताना ट्रॅक्टरच्या मागील चाकांत हवा कमी ठेवणे हितावह असते. हवा कमी असली म्हणजे टायर पसरतो, वजन अधिक जागेवर वाटले जाते, चाक कमी घसरते व जमीनही कमी दबते. परंतु तोच ट्रॅक्टर उसाने भरलेली ट्रॉली घेऊन सडकेवर निघाला, की हाच गुण दोष ठरतो. अपुऱ्या हवेचा टायर भाराखाली वारंवार दुमडतो, तापतो आणि बाजूस चिरतो. वळणावर ट्रॅक्टर डोलू लागल्यास चालकाच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो.

म्हणून हवा शेताच्या बांधावरच भरून घ्यावी. त्यासाठी दाबाखालील हवेची टाकी ट्रॉलीत बाळगणे सोयीचे असते. टाकी किती मोठी असावी, हे साध्या हिशेबाने ठरविता येते. समजा, मागील प्रत्येक टायरमध्ये सुमारे २०० लिटर हवा मावते आणि दाब १२ पौंडांवरून १८ पौंडांवर न्यावयाचा आहे. वातावरणाचा दाब सुमारे १५ पौंड असतो. तेव्हा एका टायरला बाहेरची सुमारे ८० लिटर व दोहोंना १६० लिटर हवा लागेल. १२० पौंड दाबाने भरलेली २० लिटरची टाकी १८ पौंडांवर येईपर्यंत सुमारे १३६ लिटर हवा देते. ती अपुरी पडेल. ३० लिटरची टाकी सुमारे २०४ लिटर देते, ती पुरेल. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास हवा याहून कमी लागते.

पुढील दक्षता अवश्य घ्यावी :

१. टाकी हवेसाठीच बनविलेली, सुरक्षा झडप व दाबमापक असलेली असावी. स्वयंपाकाच्या गॅसच्या जुन्या सिलिंडरात हवा कधीही भरू नये.

२. टायरमध्ये ऑक्सिजन अथवा ज्वालाग्राही वायू भरू नये, स्फोट होतो.

३. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी वरचेवर काढावे. अन्यथा पत्रा आतून गंजतो.

४. दाब टायर थंड असताना मोजावा. भरताना टायरसमोर न थांबता बाजूस उभे राहावे.

५. पूर्ण बसलेल्या चाकावर ट्रॅक्टर चालला असल्यास टायर उतरवून तपासल्याशिवाय हवा भरू नये.

नेमका दाब टायरच्या आकारावर व भारावर अवलंबून असतो. तो ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गळीत हंगामापूर्वी दाबमापक घेऊन प्रत्येक ट्रॅक्टरधारकास हे प्रत्यक्ष करून दाखवावे.