जखमीला उचललं, तर पोलीस मागे लागतात का?

प्रश्न : महामार्गावर एक मोटारसायकलवाला रक्ताच्या थारोळ्यात पडला होता. भोवती ही गर्दी, पण हात लावायला कुणी पुढे होईना. आम्ही मैत्रिणी बसमधून उतरायला लागलो, तर शेजारचे काका म्हणाले, ‘‘नसतं लचांड मागे लावून घेऊ नका, कोर्टाच्या चकरा मारत बसाल.’’ हे खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : एकेकाळी खरं होतं, आता नाही.

काकांची भीती अनुभवातून आलेली आहे. पूर्वी जखमीला घेऊन कॅज्युअल्टीत पोचलं, की पहिला प्रश्न यायचा, ‘‘तुम्ही कोण?’’ नातेवाईक नाही म्हटलं, की नाव-पत्ता लिहून घ्यायचे, आधी पैसे भरायला सांगायचे. मग जबाब आणि पुढे कधीतरी समन्स. वर संशय : यानंच ठोकलं असणार, नाहीतर उचलून कशाला आणलं असतं? डॉक्टरही बिचकायचे. एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयानं, इथे पोलीस केस घेत नाहीत, असं सांगून वीस किलोमीटर लांब पाठवलं आणि तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातल्या त्या बातमीवरून मानवी हक्कांचे कार्यकर्ते परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८९मध्ये कोर्टानं बजावलं : आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर.

मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र २०१६ उजाडावं लागलं. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर कोर्टानं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि पुढच्या वर्षी त्याचे नियम. आज तुम्ही जखमीला रुग्णालयात सोडून लगेच निघू शकता. नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. उपचाराचे पैसेही तुमच्याकडे मागता येत नाहीत. चांगल्या हेतूनं मदत करताना काही चुकलं, तरी त्यासाठी तुमच्यावर खटला नाही. अपघात डोळ्यांनी पाहिला असेल आणि स्वखुशीनं साक्षीदार व्हायचं ठरवलं, तर जबाब तुमच्या सोयीच्या ठिकाणी, अगदी घरीसुद्धा घेतला जातो, तोही साध्या वेशातल्या अधिकाऱ्यानं.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जखमीला हात लावायला घाबरणारी गर्दी ट्रकवाल्याला बदडायला मात्र एका पायावर तयार असते. ज्याला कायद्याचं संरक्षण आहे ते करायचं नाही आणि जो सरळ गुन्हा आहे तो बिनधास्त करायचा! कलम १३४नुसार जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी चालकाचीही असते. पण त्याच कलमात, जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर, अशी सवलत लिहावी लागली आहे. मार पडणार या धास्तीनं चालक पळतो आणि जखमीजवळचं एकमेव वाहनही कधी कधी त्याच्याबरोबर निघून जातं. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. विधी आयोगानं २००६च्या अहवालातच म्हटलं होतं, की पहिल्या तासात उपचार मिळाले तर अपघातात जाणारे निम्मे जीव वाचू शकतात.

आता प्रत्यक्ष रस्त्यावरचं. आधी १०८ला फोन लावा. महामार्गावर असाल तर शेजारच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा. ‘पुलाच्या अलीकडे, ढाब्यासमोर’ या पत्त्यावर रुग्णवाहिका शोधत फिरते. मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला दोघांना मागे उभं करा. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ ओढणी किंवा रुमाल घट्ट दाबून धरा, सारखा उचलून बघू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका; मानेला इजा असेल तर धक्का महागात पडतो. आणि पाणी पाजू नका. आपल्याकडे लोक हटकून पाणी घेऊन धावतात, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

काउंटरवर कुणी अडवलंच, तर ‘मी फक्त मदत करणारी आहे, कलम १३४अ’ एवढं शांतपणे सांगा. हे हक्क रुग्णालयाच्या दाराशी मराठीतही लिहून लावणं नियमानं बंधनकारक आहे, सरकारी असो वा खासगी. तुमच्या गावच्या रुग्णालयात तो फलक दिसत नसेल, तर मैत्रिणींनी मिळून व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.