डोळ्याच्या पडद्यावर संशोधन: नीटच्या पलीकडचे रस्ते

नीटचा निकाल लागला की शिरवणे, जुईनगर, नेरूळ या पट्ट्यातल्या अनेक घरांत तोच विषय निघतो. मुलीला बायोलॉजी मनापासून आवडतं, मार्कही चांगले आहेत, पण सरकारी एमबीबीएसला ते पुरत नाहीत आणि खासगी कॉलेजची फी झेपणारी नाही. मग एक वर्ष रिपीट करायचं, की बीडीएस-बीएएमएसला जायचं? ‘बीएस्सी करून पुढे काय?’ हा प्रश्न येतो तो शेवटी, आणि विचारणाऱ्याने ‘काही नाही’ हे उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं.

ही भीती खोटी नाही. शिरवण्यासारख्या गावात आधी एमआयडीसी आली, मग सिडको. शेती गेली, आणि ‘कंपनीत पर्मनंट’ हीच स्थैर्याची खूण झाली. वयाच्या तिशीपर्यंत शिकत राहणारी मुलगी अशा घराला धोक्यात दिसणं साहजिक आहे. म्हणूनच एका संशोधिकेचा प्रवास नीट पाहावा.

डॉ. शुभा टोळे यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात लाइफ सायन्सेस आणि बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी केली. त्यानंतर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएचडी, शिकागो विद्यापीठात पोस्टडॉक, आणि १९९९मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रुजू. २०१०मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४मध्ये इन्फोसिस पुरस्कार. त्यांच्या नावामागचं ‘डॉक्टर’ पीएचडीचं आहे, एमबीबीएसचं नाही.

टोळे यांचा मुख्य विषय मेंदूची जडणघडण. मग डोळ्याचा त्याच्याशी काय संबंध? फार जवळचा. गर्भात डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, मेंदूच्याच पुढच्या भागातून बाहेर आलेल्या फुगवट्यापासून तयार होतो. टोळे यांच्या गटाने एलएचएक्स-२ या जनुकावर अनेक वर्षं काम केलं आहे. उंदराच्या गर्भात हे जनुक मुळातच नसेल तर डोळे तयार होत नाहीत. २०१३मध्ये त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या सेथ ब्लॅकशॉ यांच्या गटाबरोबर पुढची पायरी मांडली. डोळा घडायला सुरुवात झाल्यानंतर हे जनुक काढून टाकलं, तरी त्या पेशी ‘आपण डोळा आहोत’ ही ओळख हरवतात आणि मेंदूच्या शेजारच्या भागांच्या खुणा दाखवू लागतात. हा रोगावरचा उपचार नव्हे. पण पडदा कसा घडतो हेच माहीत नसेल, तर बिघडलेला पडदा दुरुस्त करायचा विचार कुठून सुरू करणार?

या क्षेत्रातलं रोजचं काम कसं असतं, हे पालकांनी एकदा डोळ्यांपुढे आणावं. उंदराचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली उघडायचा, भिंग काढायचं, आतला पडदा न फाटता अलग करायचा. तो जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो. त्याला कडेकडून चार छेद दिले की तो चार पाकळ्यांच्या फुलासारखा काचपट्टीवर सपाट पसरतो. मग रंगद्रव्यं वापरून हव्या त्या पेशी उजळवायच्या, मोजायच्या, तुलना करायची. हात स्थिर लागतो आणि चिकाटी त्याहून जास्त. नमुना फाटला की पुन्हा पहिल्यापासून. माणसाच्या पडद्यात अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे ६० लाख असतात. आजारात त्यातल्या कुठल्या आधी मरतात आणि का, यावर माणसं आयुष्य घालवतात.

आयुष्य घालवून हाती काय येतं, याचं उत्तर अमेरिकेच्या संशोधिका जीन बेनेट यांनी दिलं आहे. काही मुलांमध्ये आरपीई-६५ हे जनुक जन्मतः बिघडलेलं असतं. त्यामुळे उजेड टिपण्यासाठी लागणारं अ जीवनसत्त्वाचं रूप डोळ्यात पुन्हा तयार होत नाही आणि दृष्टी हळूहळू जाते. बेनेट यांच्या गटाने या जनुकाची चांगली प्रत निरुपद्रवी विषाणूतून पडद्याखाली पोहोचवली. आधी जन्मांध कुत्र्यांवर प्रयोग झाले. लान्सलॉट नावाचा त्यातला एक कुत्रा पाहू लागला, ही बातमी २००१ची. माणसांवरच्या चाचण्या २००७मध्ये सुरू झाल्या आणि औषधाला मान्यता मिळाली डिसेंबर २०१७मध्ये. दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरली. आपल्याकडच्या रुग्णाला परवडेल असा उपचार शोधायचं काम अजून शिल्लक आहे, आणि ते आपल्याच मुला-मुलींना करावं लागणार आहे.

त्याची सुरुवात इथे झालेली आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत चित्रा कन्नबिरन यांनी पडद्याच्या आनुवंशिक रोगांमागची जनुकं भारतीय कुटुंबांत शोधली. मधुमेहाने होणारं पडद्याचं नुकसान हा तर घराघरातला प्रश्न आहे. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींहून जास्त आहेत. पडद्याच्या फोटोवरून हे नुकसान ओळखणारा संगणकी प्रोग्राम गूगलच्या ज्या गटाने २०१६मध्ये मांडला, त्यात लिली पेंग या डॉक्टर-संशोधिका होत्या, आणि त्याला शिकवायला वापरलेल्या फोटोंत भारतातल्या नेत्ररुग्णालयांतलेही फोटो होते. म्हणजे कॉम्प्युटरवाल्या मुलीलाही इथे जागा आहे.

आता रस्ते. बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही स्वतंत्र परीक्षा असते. नायसर आणि कालिन्याच्या सीईबीएससाठी नेस्ट. साध्या बीएस्सीनंतर जॅम देऊन आयआयटी किंवा आयआयएस्सीला जाता येतं, आणि पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा टीआयएफआरची प्रवेश परीक्षा. केव्हीपीवाय या शिष्यवृत्तीची चौकशी अजून होते, पण ती योजना २०२२मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. इन्स्पायरमध्ये बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यातल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती आहे. रुग्णांच्या जवळ राहून काम करायचं असेल, तर चार वर्षांची ऑप्टोमेट्री हा चांगला आणि दुर्लक्षित पर्याय आहे. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची: बायोलॉजी घेतली म्हणून गणित सोडू नका. आजच्या जीवशास्त्रात आकडेवारीशिवाय पान हलत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू. पीएचडीला चांगल्या संस्थेत फी भरून शिकावं लागत नाही. उलट जेआरएफ या संशोधनवृत्तीत महिना ३७ हजार आणि पुढे एसआरएफला ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. ही २०२३पासूनची रक्कम. बीएस्सी ते पोस्टडॉक धरलं तर मुलगी तिशी ओलांडते, हे खरं. कायम प्राध्यापकपदं थोडी आहेत आणि स्पर्धा कडक, हेही खरं. ते लपवून मुलीला या वाटेला लावू नये. पण पीएचडी झालेल्यांना औषध कंपन्या, निदान प्रयोगशाळा आणि क्लिनिकल ट्रायल्समध्येही काम मिळतं.

लग्नाचं काय, हा प्रश्न बहुतेक आई हळू आवाजात विचारते. यूजीसीच्या नियमांनुसार पीएचडी करणाऱ्या स्त्रीला प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, शिवाय प्रबंधाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या वाइज-किरण आणि बायोकेअर या योजना आहेत. लग्न आणि संशोधन यांतलं एकच निवडा, असं मुलीला सांगायची गरज नाही.

टीआयएफआर काही दूर नाही. जुईनगरहून हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून बसने नेव्हीनगर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था लोकांना आत येऊ देतात. यंदा तारखा पाहा, मुलीबरोबर स्वतः जा, आणि तिथल्या पीएचडीच्या मुलींना पगारापासून हॉस्टेलपर्यंत जे विचारायचं ते मोकळेपणी विचारा. रिपीटर बॅचची फी भरायची की नाही, ते त्यानंतर ठरवा.