स्टेअरिंगला कुलूप लागते तेव्हा

पावसाळ्यात लाकडी दार फुगते. आतून लावलेली कडी मग निघता निघत नाही. अशा वेळी घरातली बाई काय करते? कडीवर दगड घालते काय? छे! ती एका हाताने दार जरासे रेटते आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवते. कडी अलगद निघते. आज आपण मोटारगाडीचा धडा वाचणार आहोत. पण ही दाराची कडी ध्यानात असू द्या. पुढे तिचे काम पडणार आहे.

आमचे घर नागपुरात, धरमपेठेत आहे. मुलांचे ट्राफिक पार्क येथून जवळच. तेथे मुले रहदारीचे नियम शिकतात. इतक्या जवळ राहूनही आम्हाला मोटार चालवता येत नाही. सारी नोकरी सायकलवर झाली. म्हणून हा धडा आम्ही आधी स्वतः शिकलो आणि मग लिहायला बसलो, हे कबूल केले पाहिजे.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. काटोलकडचा आमचा एक जुना विद्यार्थी बायकोला तपासायला घेऊन आला होता. त्याची संत्र्याची बाग आहे. बायकोचे दिवस भरत आले होते. सकाळी डॉक्टरांकडे जायचे, म्हणून दोघे रात्री आमच्याकडे मुक्कामाला राहिले. गाडी चुलतभावाची. हा स्वतः ट्रॅक्टरवर शिकलेला. गल्लीत जागा थोडी. त्याने पुढची चाके तिरपी करून, टायर फूटपाथच्या दगडाला टेकवून गाडी उभी केली आणि किल्ली काढून घेतली.

पहाटे तीनला तिला कळा सुरू झाल्या. आमच्या सौ.नी तिला धरून गाडीत नेऊन बसवले. तेवढ्यात हा धावत आत आला.

"गुरुजी, गाडी बिघडली जी! चाबी फिरून नाही राहिली. स्टेरिंग बी जाम झालं."

आम्ही १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका पाठवतो असे उत्तर आले. पण कळा कोणासाठी थांबतात होय? गल्लीतले एक म्हातारे ड्रायव्हर आवाज ऐकून बाहेर आले. त्यांची सारी हयात अँबॅसडरवर गेलेली. ती गाडी २०१४ साली बनायची बंद झाली. जुन्या अँबॅसडरची किल्ली समोरच्या फळीवर लागत असे आणि स्टेअरिंगला कुलूप नसे. त्यांनी बॉनेट उघडायला लावले आणि बॅटरी गेली असा निकाल दिला. त्यांना तरी दोष कसा द्यावा? जे कधी पाहिलेच नाही ते सुचणार कसे? इकडे आमच्या विद्यार्थ्याने किल्लीवर होता नव्हता तेवढा जोर लावला. संत्र्याच्या पेट्या उचलणारा हात तो! बॅटरीच्या उजेडात पाहतो तर किल्ली वाकलेली.

इतक्यात शेजारची सून खाली आली.

"दादा, हात काढा. जोर नका लावू. गाडी बिघडली नाही, स्टेअरिंगला कुलूप लागलंय."

ती गाडीत बसली. आधी हातब्रेक ओढलेला आहे ना, गिअर न्यूट्रलला आहे ना, ते पाहिले. एका हाताने स्टेअरिंग हळूहळू डावीकडे उजवीकडे हलवले. दुसऱ्या हाताने किल्ली बेताने फिरवू लागली. 'टक्' असा आवाज झाला. किल्ली फिरली, इंजिन सुरू झाले. विद्यार्थ्याचे हात थरथरत होते. ते पाहून ती म्हणाली, "दादा, तुम्ही वहिनींजवळ मागे बसा. मी नेते." आम्ही १०८ ला पुन्हा फोन करून गाडी आता नको असे सांगितले. सहाच्या सुमारास मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप.

संध्याकाळी आम्ही वही घेऊन त्या सूनबाईंकडे गेलो. त्यांनी समजावून दिले ते असे.

स्टेअरिंगच्या खाली एक लोखंडी दांडा असतो. स्टेअरिंग फिरवले की दांडा फिरतो आणि पुढची चाके वळतात. या दांड्याला खाच असते. किल्ली काढून घेतली की बाजूची एक खीळ पुढे येते. मग स्टेअरिंग थोडे फिरले की ती खाचेत बसते आणि दांडा अडतो. मोटारसायकलचे हँडल वळवून आपण कुलूप लावतो ना, तसेच हे. मोटारीत ते आपोआप लागते, एवढाच फरक. ही तजवीज चोरासाठी. काच फोडून, तारा जोडून त्याने इंजिन सुरू केले, तरी त्याला गाडी वळवता येत नाही. अमेरिकेत १९७० सालापासून नव्या गाड्यांसाठी नियमच झाला, की किल्ली काढल्यावर एक तर स्टेअरिंग अडावे, नाही तर गाडी पुढे चालू नये.

मग त्या रात्री किल्ली का फिरेना? टायर दगडाला लागून मुरडले होते. मुरडलेले रबर परत उसळू पाहते. त्याचा सारा भार दांड्यावर येतो आणि खीळ खाचेत दाबून धरली जाते. आता दाराची कडी आठवा! दार रेटल्याशिवाय कडी सुटत नाही, तसे स्टेअरिंग हलवल्याशिवाय खीळ सुटत नाही. स्टेअरिंग एका बाजूला अगदी घट्ट लागते, दुसऱ्या बाजूला किंचित हलते. ज्या बाजूला हलते त्या बाजूला जरा दाबून धरावे आणि त्याच वेळी किल्ली फिरवावी. दोन्ही कामे एकदम. आधी हे, मग ते, असे केल्यास जमत नाही. कधी गाडीतून उतरताना स्टेअरिंगला धरून उठल्यानेही असे होते. कधी मुले खेळताना ते ओढतात.

किल्लीच्या भोकाभोवती इंग्रजीत चार खुणा असतात. आपल्याला अक्षरे आली आहेत, तेव्हा त्या कोणाकडून तरी एकदा ओळखून घ्याव्यात. 'लॉक' म्हणजे कुलूप. किल्ली येथेच निघते. 'एसीसी' वर कुलूप सुटते, रेडिओ लागतो. 'ऑन' वर समोरचे दिवे लागतात. 'स्टार्ट' वर इंजिन सुरू होते. तेथून हात सोडला की किल्ली आपोआप 'ऑन' वर परत येते.

याच्याहून मोठी गोष्ट उताराची. काही ड्रायव्हर घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करतात. चिखलदऱ्याचा घाट घ्या की आमच्या सेमिनरी हिलचा लहानसा उतार घ्या, हे जिवावरचे काम आहे. इंजिन बंद झाले की पॉवर स्टेअरिंगवाल्या गाडीचे स्टेअरिंग फार जड होते. ब्रेक दोन तीन वेळा दाबल्यावर दगडासारखा होतो. अशात किल्ली 'लॉक' वर नेऊन काढली आणि जरा वळण घेतले, की खीळ खाचेत बसलीच! पुढे वळण आहे आणि गाडी सरळ चालली आहे! चालत्या गाडीची किल्ली कधीही काढू नये. चालता चालता इंजिन आपोआप बंद पडले, तर किल्ली 'ऑन' वरच राहू द्यावी, ब्रेक एकदाच जोराने दाबून तसाच धरावा आणि दोन्ही हातांनी ताकद लावून गाडी कडेला घ्यावी.

काही नव्या गाड्यांना किल्लीऐवजी बटण असते. तेथेही कुलूप अडले, तर स्टेअरिंग हलवत ब्रेक दाबून बटण दाबायचे. बॅटरी पार उतरली असेल तर मात्र मिस्त्री बोलवावा.

एवढे करूनही किल्ली फिरली नाही, तर ती याच गाडीची आहे ना, हे आधी पाहावे. जुनी झिजलेली असेल तर घरातली दुसरी किल्ली लावून पाहावी. किल्लीला पक्कड लावू नये, हातोडी तर मुळीच नाही. किल्ली आत तुटली, तर दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते आणि सगळे कुलूप बदलण्याचा खर्च अंगावर येतो. आमच्या विद्यार्थ्याची वाकलेली किल्ली त्या दिवशी कशीबशी चालली. सूनबाईंनी ती पुन्हा लावू दिली नाही. चुलतभावाने काटोलहून दुसरी पाठवली, तोवर गाडी दोन दिवस आमच्या दारात उभी होती.