उन्हाळ्याची सुटी आणि घरची शाळा

(अभ्यासपाठ : अनुवाद ६:४-९, २ तीमथ्य १:५)



परीक्षा आटोपल्या, दप्तरें खुंटीला लागलीं, आणि आतां जून महिन्याच्या मध्यापर्यंत गांवची शाळा बंद. विदर्भांत तर ती आणखी कांहीं दिवस उशिरां उघडते. मुलांस विसावा मिळावा हें योग्यच आहे. शब्बाथहि देवानें विसाव्यासाठींच नेमिला. परंतु विसावा घेणें निराळें आणि मिळविलेलें गमावणें निराळें.

एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना आमची मान खालीं जाते. आमच्या मंडळींतील एका मजुराच्या मुलानें एप्रिल महिन्यांत उपासनेच्या वेळीं मार्काच्या शुभवर्तमानांतील एक उतारा न अडखळतां वाचला. त्या घराण्यांत अक्षर ओळखणारा तो पहिलाच. बापाचे डोळे भरून आले. पुढें दोन महिने तो गुरांमागें हिंडला. घरीं पुस्तक नव्हतें, आणि आम्हींहि चौकशी केली नाहीं. शाळा उघडल्यावर तो जोडाक्षरांपाशीं अडूं लागला, इतर मुलें हसलीं, आणि तो शाळेंत जाईनासा झाला. त्यास पुन्हा आणावयास आम्हांस पुरतें वर्ष लागलें. ह्यांत दोष मुलाचा नव्हता, बापाचाहि नव्हता, पाळकाचा होता.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मुलांस देवाच्या आज्ञा शिकविण्याचीं जीं स्थळें सांगितलीं आहेत, त्यांत शाळागृह नाहीं. घर आहे, वाट आहे, अंथरूण आहे. तीमथ्याचा विश्वास आधीं आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायीं वसत होता. इ. स. १८९८ मध्यें न्यूयॉर्क शहरांत एलायझा हॉज ह्या बाईंनीं सुटींत रस्त्यांवर भटकणाऱ्या मुलांसाठीं दारूच्या गुत्त्याची जागा भाड्यानें घेऊन पवित्र शास्त्राची शाळा भरविली. गुत्त्यांत जें झालें, तें आपल्या लिंबाखालीं कां होऊं नये?

कित्येक आईबाप म्हणतील, "आम्हांस अक्षर येत नाहीं, आम्ही काय शिकवावें?" त्यांच्यासाठीं चार रीती येथें देतों. त्यांस पैसा लागत नाहीं.

पहिली, वाचनाची. रूथचे ४ अध्याय, योनाचे ४ आणि मार्काचे १६, मिळून २४ होतात. आठवड्यांतून सहा दिवस रोज एक अध्याय वाचला, तर चार आठवड्यांत तिन्ही पुस्तकें पुरीं होतात. सांजवेळीं मुलानें वाचावें, घरच्यांनीं ऐकावें. तें अडेल तेथें कोणीं हसूं नये. आजीनें एवढेंच विचारावें, "मग रे बाळा, पुढें काय झालें?" हें ऐकणें हेंच शिकविणें.

दुसरी, गणिताची. चिंचोके मूठभर घ्यावे व दहादहाचे ढीग करावे. मग १२ चिंचोके सारख्या रांगांत मांडण्यास सांगावें. दोन रांगा होतात, तीन होतात, चार होतात, सहाहि होतात. आतां १३ द्यावे. कितीहि रांगा करूं गेलें तरी एक उरतो किंवा कांहीं कमी पडतात. असें कां, हें मुलांनींच शोधावें. आठवडी बाजाराचा हिशेबहि त्यांच्याच हातीं द्यावा.

तिसरी, सृष्टीची. अंगणांत एक काठी सरळ रोवावी व तिच्या सावलीच्या टोकाशीं खडा ठेवीत जावें. महाराष्ट्रांत वर्षांतून दोन दिवस भर दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यांतील तो दिवस कोल्हापुरास ६ तारखेच्या सुमारास, पुण्यास १३, अहिल्यानगरास १६ व नागपुरास २६ तारखेच्या सुमारास येतो. बारा ते पाऊण ह्या वेळांत काठीची सावली तिच्या बुडाशीं नाहींशी होते. तें पाहून मुलें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतील ज्योति ऋतु व दिवस कसे दाखवितात, हें डोळ्यांनीं शिकतील. मात्र सूर्याकडे थेट पाहूं देऊं नये, व डोकें झांकलेलें असावें.

चौथी, पाठांतराची. गाण्यांच्या भेंड्या लावतात तशा शास्त्रवचनांच्या लावाव्या. रविवारीं चांगल्या शोमरोन्याचा दाखला मुलांकडून करवून घ्यावा. पडलेल्या मनुष्याचें काम सर्वांत लहान मुलास द्यावें, म्हणजे तें आनंदानें निजून राहील.

हें सर्व सकाळीं किंवा दिवस मावळतांना, घटका दोन घटका करावें. छडी तर मुळींच नको. आणि एक विनंति. मुलींस पाण्याला व चुलीला जुंपून केवळ मुलग्यांनाच अभ्यासास बसवूं नये. लोईस व युनीके ह्या स्त्रियाच होत्या.

उपदेशक बंधूंनीं आपल्या वाडीवस्तींतील मुलांचीं नांवें आजच लिहून काढावीं, सुटींत प्रत्येक घरीं एकदां तरी बसून वाचन ऐकावें, आणि शाळा उघडेल त्या सकाळीं दारांत उभें राहावें. कोण आलें नाहीं, हें त्याच दिवशीं कळेल. वर्ष लागणार नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. देवाच्या आज्ञा मुलांस कोठें कोठें शिकवावयाच्या आहेत?
२. तीमथ्यास विश्वासाचा वारसा कोणाकडून आला?
३. आपल्या घरीं आज सायंकाळीं कोण वाचील, आणि कोण ऐकेल?